अवकाशातील गुरुत्वीय लहरी आणि गोंगाटाचे अंदाजपत्रक

(वाराणसी येथील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या नगरीत दशाश्वमेध घाटाला लागून मानमंदिर घाट आहे. आमेरच्या राजा मानसिंहाने तेथे बांधलेल्या प्रासादाच्या गच्चीवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी या पाच ठिकाणच्या वेधशाळांपैकी ती एक होय. मथुरेची वेधशाळा काळाच्या ओघात नाहीशी झाली. वाराणसीची आजही पाहावयास मिळते. जयसिंहाने प्रारंभी पितळेची यंत्रे वापरली होती. ती आकाराने लहान असल्यामुळे अंशांचे सूक्ष्म विभाग त्यांवर करता येत नसत. शिवाय त्यांचा आस झिजे, केंद्र जागचे सरके आणि वेध चुकत. म्हणून त्याने दगड आणि चुना यांची भव्य व अचल यंत्रे बांधली. दोष कोठून उद्भवतो याची यादी करावयाची आणि एकेका दोषावर स्वतंत्र उपाय योजावयाचा, ही त्यामागील रीत होती. यंत्राची ख्याती त्याच्या भव्यतेवर नव्हे, तर त्यातील दोषांच्या हिशेबावर अवलंबून असते, हे तत्त्व या गच्चीवर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

आजचा विषय त्याच तत्त्वाच्या अत्याधुनिक रूपाशी संबंधित आहे. अवकाशात यान पाठवून गुरुत्वीय लहरींचा वेध घेण्याची तयारी सध्या सुरू आहे. या वेधाची मर्यादा कशाने ठरते? लहर किती दुर्बल आहे यापेक्षा, तिच्यासोबत यंत्रात शिरणारा गोंगाट किती आहे, यावरून ती ठरते. गोंगाट हा शब्द येथे कानांना ऐकू येणाऱ्या आवाजाच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. हवा असलेला संकेत झाकून टाकणारी प्रत्येक नको असलेली हालचाल, प्रत्येक चढउतार म्हणजे गोंगाट.

पृथ्वी सोडण्याचे कारण

आइन्स्टाइन यांनी १९१५ मध्ये सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत पूर्ण केला आणि १९१६ मध्ये त्यातून गुरुत्वीय लहरींचे भाकीत केले. दोन जड वस्तू परस्परांभोवती फिरू लागल्या की अवकाश-काळाच्या रचनेत तरंग उठतात आणि ते प्रकाशाच्या वेगाने दूर जातात. मार्गातील प्रत्येक अंतर ते किंचित ताणतात आणि आखडतात. अमेरिकेतील लायगो प्रकल्पाच्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी असा तरंग प्रथम टिपला आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याची घोषणा झाली. त्या वेधशाळांचे बाहू प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे आहेत. त्यांच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका अल्प होता.

भारतातही अशी वेधशाळा महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणार आहे. लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. त्यासाठी मंजूर झालेली रक्कम २,६०० कोटी रुपये आहे.

जमिनीवरील वेधशाळेची एक मर्यादा मात्र कितीही खर्च केला तरी ओलांडता येत नाही. सेकंदाला सुमारे दहा कंपनांपेक्षा, म्हणजे १० हर्ट्झपेक्षा संथ लहरी तिला जवळजवळ ऐकू येत नाहीत. दूरच्या समुद्राच्या लाटा, वाहतूक, लहानमोठे भूकंप यांनी जमीन सतत थरथरत असते. आरसे अनेक लंबकांना टांगून ही थरथर बरीच कमी करता येते. परंतु एक गोंगाट असा आहे की त्याला कोणताही लंबक, कोणतीही भिंत अडवू शकत नाही. तो म्हणजे आसपासच्या वस्तुमानाचे बदलते गुरुत्वाकर्षण. पावसाळ्यात गंगेची पातळी घाटांच्या पायऱ्या गिळत वर चढते, तेव्हा पाण्याचे ते प्रचंड वस्तुमान काठावरील प्रत्येक वस्तूला आपल्याकडे किंचित ओढते. जमिनीत उठणाऱ्या लाटा आणि वातावरणातील दाबाचे बदलही अशीच ओढ लावतात. वेधशाळेचा आरसा ही ओढ आणि गुरुत्वीय लहर यांत भेद करू शकत नाही. गुरुत्वाकर्षणाला अडविणारा पडदा निसर्गात नाही.

दुर्दैवाने अतिशय महत्त्वाच्या घटना याच संथ पट्ट्यात घडतात. दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लक्षावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे असतात. दोन दीर्घिका एकत्र आल्यावर त्यांची कृष्णविवरेही कालांतराने एकमेकांत विलीन होतात. त्या वेळी उठणाऱ्या लहरींचे एक आवर्तन काही सेकंदांपासून काही तासांपर्यंतचे असते. त्या ऐकावयाच्या तर पृथ्वी सोडण्यावाचून गत्यंतर नाही.

लिसा मोहीम

या उद्देशाने युरोपीय अवकाश संस्थेने नासाच्या सहभागाने लिसा, म्हणजे ‘लेसर इंटरफेरोमीटर स्पेस अँटेना’, ही मोहीम आखली आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी संस्थेने तिला अंतिम स्वीकृती दिली. प्रक्षेपण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे. तीन याने सूर्याभोवती, पृथ्वीच्या मागोमाग, समभुज त्रिकोणाच्या रचनेत फिरतील. त्रिकोणाची प्रत्येक बाजू सुमारे २५ लाख किलोमीटर असेल. एका यानातून निघालेला लेसर किरण दुसऱ्या यानापर्यंत पोहोचण्यास ८ सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेईल. प्रत्येक यानात सोने आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे दोन घनाकृती ठोकळे असतील. एकेक ठोकळा ४६ मिलिमीटर लांबी-रुंदीचा व सुमारे २ किलोग्रॅम वजनाचा असेल. हे ठोकळे यानाला कोठेही न टेकता मुक्तपणे तरंगतील. दूरदूरच्या यानांतील ठोकळ्यांमधील अंतर किती बदलले, एवढेच मोजावयाचे आहे.

ही मोजणी किती सूक्ष्म असावी? २५ लाख किलोमीटर अंतरात अपेक्षित बदल काही पिकोमीटरचा असेल. एका मीटरचे एक लाख कोटी समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे पिकोमीटर. केंद्राच्या अंदाजपत्रकाचा अभ्यास करणाऱ्यांना ‘लाख कोटी’ हे परिमाण परिचित आहे. एक लाख कोटी रुपयांच्या हिशेबात एका रुपयाची तफावत शोधावयाची, तसे एका मीटरमध्ये एक पिकोमीटर ओळखणे आहे.

अंदाजपत्रकाची रीत

एवढ्या सूक्ष्म मोजणीत गोंगाट पूर्णपणे नाहीसा करणे हे ध्येय असूच शकत नाही. म्हणून अभियंते आणि शास्त्रज्ञ गोंगाटाचे चक्क अंदाजपत्रक तयार करतात. प्रथम एकूण किती गोंगाट परवडेल ते ठरते. मग त्याची विभागणी शीर्षांनुसार होते: तापमानातील चढउतारांना एवढा वाटा, विद्युतभाराला एवढा, लेसरला एवढा. प्रत्येक गटाला आपल्या वाट्याच्या मर्यादेत राहावे लागते.

या अंदाजपत्रकातील बेरीज मात्र नेहमीची नाही. परस्परांशी संबंध नसलेले गोंगाट सरळ मिळविले जात नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. एक गोंगाट ३ एकक आणि दुसरा ४ एकक असेल, तर एकूण गोंगाट ७ नव्हे, ५ एकक होतो. आता समजा, एकच गोंगाट निम्म्यावर आणण्यापुरता निधी उपलब्ध आहे. लहान गोंगाट ३ वरून दीडवर आणला, तर एकूण सुमारे ४.३ होतो. मोठा ४ वरून २ वर आणला, तर एकूण ३.६ होतो. यातून निष्पन्न होणारा धडा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही: सीमांत लाभ जेथे सर्वाधिक, तेथे साधनसंपत्ती प्रथम खर्च करावी. जो दोष सोपा आहे तो आधी दूर करण्याचा मोह होतो. अंदाजपत्रक मात्र सर्वांत मोठ्या दोषाकडे बोट दाखविते.

पहिले शीर्ष : ठोकळ्याला लागणारे धक्के

संथ लहरींच्या पट्ट्यात सर्वांत त्रासदायक ठरतात ते तरंगत्या ठोकळ्याला बसणारे सूक्ष्म धक्के. सूर्यप्रकाश स्वतः दाब देतो आणि तो किंचित कमीजास्त होत असतो. त्यावर योजलेला उपाय असा, की यान ठोकळ्याला ढाल पुरविते आणि ठोकळा यानाला वाट दाखवितो. सूर्यप्रकाशाने यान ढकलले गेले की संवेदक ते ओळखतात आणि अतिसूक्ष्म बलाचे प्रणोदक यानाला पुन्हा ठोकळ्याभोवती मध्यावर आणतात. ठोकळा आपल्या नैसर्गिक मार्गाने जातो. यान त्याच्यामागे जाते.

ढालीच्या आतही उपद्रव शिल्लक राहतो. पोकळीत उरलेले वायूचे रेणू ठोकळ्यावर आदळतात. विश्वकिरण यानाच्या भिंती भेदून ठोकळ्यावर विद्युतभार साठवितात. तो अतिनील प्रकाशाच्या साहाय्याने उतरवावा लागतो. चुंबकीय क्षेत्राचा परिणाम अत्यल्प व्हावा म्हणूनच सोने-प्लॅटिनम मिश्रधातू निवडला गेला. यानाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षणही ठोकळ्याला ओढते, म्हणून यानातील प्रत्येक भागाचे वजन आणि जागा यांचा ताळमेळ बसवावा लागतो.

हे सर्व कागदावरच राहू नये यासाठी ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘लिसा पाथफाइंडर’ हे चाचणीयान सोडण्यात आले. त्यात दोन ठोकळे एकमेकांपासून ३८ सेंटिमीटर अंतरावर तरंगत होते. जून २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या निष्कर्षांत गोंगाट त्या यानासाठी आखलेल्या मर्यादेपेक्षा पाचपटीने कमी आढळला. २०१८ च्या निष्कर्षांत तो प्रत्यक्ष लिसासाठी ठरविलेल्या मर्यादेच्याही खाली उतरला. या सुधारणेचे एक कारण उद्बोधक आहे. ठोकळ्याभोवतीच्या पेटीतील वायू अवकाशाच्या पोकळीत हळूहळू निघून जात होता आणि रेणूंचे धक्के महिन्यामहिन्याने घटत होते. काही दोष केवळ प्रतीक्षेने कमी होतात. पण प्रतीक्षा करीत असताना मोजणी चालू ठेवावी लागते.

दुसरे शीर्ष : प्रकाशाचा तुटवडा

जलद लहरींच्या पट्ट्यात अडचण वेगळी आहे. यानातून सुमारे २ वॅट शक्तीचा लेसर किरण निघतो. परंतु २५ लाख किलोमीटर प्रवासात तो कित्येक किलोमीटर रुंद पसरतो. दुसऱ्या यानावरील दुर्बीण अवघ्या ३० सेंटिमीटर व्यासाची आहे. तिच्या वाट्याला येणारा प्रकाश काही शे पिकोवॅट एवढाच असतो. हा प्रकाश आरशाने परत पाठविला, तर परतीच्या प्रवासात त्याचे काहीच उरणार नाही. म्हणून प्रत्येक यान स्वतःचा लेसर वापरून, आलेल्या किरणाशी तंतोतंत मेळ घालून, ताजा किरण परत पाठविते.

प्रकाश कणांच्या रूपाने येतो. सेकंदाला शंभर कोटींहून अधिक कण आले, तरी ते ठरावीक अंतराने येत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांप्रमाणे कधी दाट, कधी विरळ येतात. ही अनियमितता यंत्राचा दोष नसून प्रकाशाचा स्वभाव आहे. ती कमी करण्याचा मार्ग एकच: प्रकाश वाढविणे, म्हणजे अधिक शक्तीचा लेसर किंवा मोठी दुर्बीण. दोन्हींमुळे वजन आणि खर्च वाढतो. या शीर्षाखालील मर्यादा निसर्ग आणि कोषागार मिळून ठरवितात.

तिसरे शीर्ष : लेसरची चंचलता

अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम मात्र या दोन शीर्षांखाली नाही. उत्तमातील उत्तम लेसरची वारंवारताही पूर्ण स्थिर नसते. एकेका बाहूच्या मोजणीत या चंचलतेमुळे येणारा गोंगाट अपेक्षित संकेताच्या कोट्यवधी पट मोठा असतो. यावर मात झाली नाही, तर अन्य सर्व खबरदारी व्यर्थ ठरते.

जमिनीवरील वेधशाळेत दोन्ही बाहू समान लांबीचे असतात. एकाच लेसरचा प्रकाश दोन्हींतून जाऊन एकाच क्षणी परततो, त्यामुळे त्याची चंचलता दोन्हीकडे सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. अवकाशात हे शक्य नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या यानांमधील अंतरे सतत बदलतात. दोन बाहूंत केवळ एक टक्का, म्हणजे २५,००० किलोमीटर फरक पडला, तरी जाऊन-येऊन प्रकाशाला सुमारे एक षष्ठांश सेकंदाचा फरक पडतो. तेवढ्या वेळात लेसर बदललेला असतो आणि वजाबाकी शून्य होत नाही.

याचे उत्तर यंत्राने नव्हे, गणिताने दिले. तीन यानांना क, ख, ग म्हणू. क पासून ख कडे जाऊन परत, आणि मग ग कडे जाऊन परत, असा एक मार्ग कल्पावा. दुसरा मार्ग उलट क्रमाचा: आधी ग, मग ख. दोन्ही बाहूंची लांबी कितीही असमान असली, तरी या दोन मार्गांची एकूण लांबी सारखीच आहे. प्रत्यक्ष प्रकाश या मार्गांनी फिरवावा लागत नाही. यानांनी नोंदविलेली आकडेवारी योग्य तेवढ्या विलंबाने मांडून एकत्र केली की तोच परिणाम साधतो आणि लेसरची चंचलता स्वतःच स्वतःला छेदते. अट एवढीच, की यानांमधील अंतरे मीटरच्या पातळीवरील अचूकतेने ज्ञात असावीत. ‘विलंबित काळ व्यतिकरण’ म्हणता येईल अशी ही कल्पना टिंटो आणि आर्मस्ट्राँग यांनी १९९९ मध्ये मांडली.

एक संयोग सापडला. पण असे संयोग एकूण किती आणि ते सर्व कसे शोधावयाचे? याचे व्यवस्थित उत्तर पुण्यातून आले. आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, येथील संजीव धुरंधर यांनी राजेश नायक आणि फ्रान्समधील ज्याँ-इव्ह व्हिने यांच्यासमवेत २००२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विलंब ही एक बीजगणितीय क्रिया मानली, तर लेसरचा गोंगाट शून्य करणारे सर्व संयोग अमूर्त बीजगणितातील एका परिचित रचनेत बसतात, असे त्यांनी दाखविले. त्या रचनेचे मोजके जनक घटक संगणकाच्या साहाय्याने काढता येतात आणि उरलेले सर्व संयोग त्यांच्यापासून तयार होतात. वहीखात्यात कोणत्या नोंदी एकमेकींना छेदून शून्य होतील, याचे एक एक उदाहरण हाती लागण्याऐवजी सर्वांचा नियमच हाती यावा, तसे हे झाले. याने सेकंदाला काही मीटर वेगाने परस्परांपासून दूर-जवळ होत असल्याने पुढे या पद्धतीत सुधारणा कराव्या लागल्या. टिंटो आणि धुरंधर यांनी मिळून लिहिलेला या विषयावरील विस्तृत आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

चौथे शीर्ष : संकेतांचाच गोंगाट

अखेरचे शीर्ष सर्वांत विलक्षण आहे. आपल्या आकाशगंगेत परस्परांभोवती फिरणाऱ्या श्वेत बटू ताऱ्यांच्या कोट्यवधी जोड्या आहेत. प्रत्येक जोडी गुरुत्वीय लहरी सोडते. त्यांतील हजारो जोड्या लिसाला स्वतंत्रपणे ओळखता येतील. उरलेल्यांचे संकेत एकमेकांत मिसळून सुमारे ३ मिलिहर्ट्झच्या खाली एक अखंड गुणगुण तयार होईल आणि दूरच्या कृष्णविवरांचे संकेत तीत काही अंशी झाकले जातील. हा गोंगाट यंत्रातून येत नाही. तो संकेतांच्या गर्दीतून येतो. तो पुसता येत नाही, ओळखता येतो. याने वर्षभरात सूर्याला प्रदक्षिणा घालतात, तेव्हा आकाशगंगेकडे पाहण्याचा त्यांचा कोन बदलतो आणि ही गुणगुण ठरावीक क्रमाने कमीजास्त होते. त्या क्रमावरून तिचा माग काढता येतो. नियोजित साडेचार वर्षांच्या निरीक्षणकाळात जसजशी आकडेवारी साठत जाईल, तसतशा आणखी जोड्या वेगळ्या काढता येतील.

लेखापरीक्षण

येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. गुरुत्वीय लहरी कधी थांबविता येत नाहीत. मग लहरीविना यंत्र कसे वागते, हे कसे समजावे? यंत्रातील गोंगाटालाच कोणी शोध समजले तर? याचेही उत्तर वरील बीजगणितात आहे. त्यातील एक संयोग असा आहे की, संथ पट्ट्यात त्यात गुरुत्वीय लहर जवळजवळ उमटतच नाही. उरतो तो यंत्राचा गोंगाट. म्हणजे एक नोंदवही केवळ संकेतासाठी आणि दुसरी केवळ दोषांसाठी. दोन्ही ताडून पाहिल्या की अंदाजपत्रकाचे लेखापरीक्षण होते. ज्या व्यवस्थेत दोषांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची सोय असते, तीच व्यवस्था विश्वासार्ह ठरते. हे प्रशासनालाही तितकेच लागू आहे.

वाराणसी ते पुणे

या कथेचा वाराणसीशी संबंध केवळ मानमंदिराचा नाही. कोल्हापुरात १९०८ मध्ये जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजचे शिक्षण पूर्ण करून, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागप्रमुख म्हणून आले. त्या काळात सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत हा विषय जगातच मोजक्या ठिकाणी अभ्यासला जात असे आणि त्याचा कोणताही व्यावहारिक उपयोग दृष्टिपथात नव्हता. तरीही सुमारे २८ वर्षे त्यांनी येथे या विषयाचे अध्यापन आणि संशोधन केले. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य येथे त्यांच्याकडे शिकावयास आले. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांनी १९४३ मध्ये दिलेले उत्तर आज जगभर ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने शिकविले जाते. नारळीकर पुढे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, हे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

त्यांचे पुत्र जयंत नारळीकर यांचे शालेय व विद्यापीठीय शिक्षण वाराणसीतच झाले. १९५७ मध्ये त्यांनी येथून पदवी घेतली. १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन झाली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक ते होते. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. लेसरच्या गोंगाटावरील संशोधन याच संस्थेत झाले. वाराणसीच्या गणित विभागातून ते थेट उगवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु एका विद्यापीठाने निरुपयोगी वाटणारा विषय जतन केला, त्यातून माणसे घडली, माणसांनी संस्था घडविली आणि संस्थेने संशोधकांना निवांतपणा दिला, ही साखळी नाकारता येणार नाही.

लाभ आणि खर्च

गरिबीचे प्रश्न सुटलेले नसताना विकसनशील देशाने अशा संशोधनावर खर्च करावा काय, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. त्याचे उत्तर तीन मुद्द्यांत देता येईल.

पहिला मुद्दा खर्चाच्या स्वरूपाचा. गोंगाटाच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठे शीर्ष ज्या साधनाने आवाक्यात आले, ते म्हणजे कागद, पेन्सिल आणि संगणक. अवकाशयान बांधणे थोड्या देशांना परवडते; बीजगणित कोणत्याही विद्यापीठाला परवडते. साधनांची टंचाई असलेल्या देशाला येथे तुलनात्मक लाभ आहे.

दुसरा मुद्दा कालावधीचा. २००२ मधील शोधनिबंधाची प्रत्यक्ष अवकाशातील परीक्षा २०३५ नंतर होईल. व्यापक सापेक्षतेचा दैनंदिन उपयोग होण्यासही अनेक दशके लागली. आज जीपीएस उपग्रहांची घड्याळे सापेक्षतेच्या परिणामांमुळे पृथ्वीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केली नाही, तर स्थाननिश्चिती काही दिवसांतच निरुपयोगी होईल. इतक्या दीर्घ मुदतीची गुंतवणूक खाजगी भांडवल सहसा करीत नाही. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा भार सार्वजनिक निधीनेच उचलावा लागतो.

तिसरा मुद्दा भारताच्या पाण्याशी निगडित आहे. जमिनीवरील वेधशाळेला छळणारी पाण्याच्या वस्तुमानाची ओढ हा तिच्या दृष्टीने गोंगाट. परंतु तीच ओढ अन्य शास्त्राचा संकेत ठरते. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकामागोमाग फिरत होते आणि त्या अंतरातील सूक्ष्म बदलांवरून खालच्या जमिनीतील पाण्याचे वस्तुमान ओळखत होते. त्या आकडेवारीच्या आधारे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने राजस्थान, पंजाब आणि हरियाणा येथील भूजलात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर घट झाल्याचे दाखविले. भूजलाचे संकट अवकाशातूनही दिसले. २२ मे २०१८ रोजी सोडलेल्या पुढच्या मोहिमेतील उपग्रहांमध्ये लेसर व्यतिकरणमापक बसविण्यात आला. दोन याने लेसरने जोडून त्यांच्यातील अंतर मोजण्याचा तो पहिलाच प्रयोग. त्याचे तंत्र लिसाच्या तयारीतून पुढे आलेले आहे. कृष्णविवरांच्या शोधासाठी घडविलेली पट्टी शेतकऱ्याच्या विहिरीची पातळीही मोजू शकते, एवढे यातून सिद्ध होते.

समारोप

गोंगाट शून्यावर आणता येत नाही. त्याची शीर्षे पाडता येतात, प्रत्येक शीर्षाला मर्यादा घालता येते, सर्वांत मोठ्या शीर्षावर आधी लक्ष देता येते आणि अखेरीस त्याचे लेखापरीक्षण करता येते. लिसा मोहिमेच्या तयारीचे सार एवढेच आहे. सार्वजनिक धोरणाचे सारही फार वेगळे नाही. गळती, दिरंगाई, चुकीची आकडेवारी हे शासनव्यवहारातील गोंगाट होत. त्यांच्या अस्तित्वाचा इन्कार करणारी व्यवस्था आंधळी राहते. त्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था हळूहळू सुधारते.

लिसा कार्यरत होईल तेव्हा आजचे विद्यार्थी ऐन कर्तृत्वाच्या वयात असतील. कोणी प्रयोगशाळेत असतील, कोणी वित्त मंत्रालयात अशाच एखाद्या प्रकल्पाच्या प्रस्तावावर टिपणी लिहीत असतील. उपयोग काय, हा प्रश्न त्या टिपणीत अवश्य असावा. मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी किती वर्षांची मुदत द्यावयाची, हे ठरविताना १९३२ मधील बनारसच्या एका गणित विभागाचे स्मरण ठेवावे.